साहेबांची सही



बारावीनंतर पुढे काय, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी संस्थेची आज्ञा आहे. डॉक्टर आणि इंजिनियर होण्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे आपण ज्याला सी.ए. म्हणतो, त्याबद्दल बोलणार आहे. आणि तेही परीक्षेबद्दल नव्हे, एका सहीबद्दल.

सी.ए.ची परीक्षा अवघड असते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु नुसती परीक्षा पास झाल्याने कोणी सी.ए. होत नाही. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूटचे सभासदत्व मिळावे लागते, आणि त्यासाठी अनुभवी सी.ए.च्या हाताखाली ठरावीक काळ काम केल्याचा दाखला लागतो. या उमेदवारीला आर्टिकलशिप म्हणतात. पूर्वी ती तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून नव्याने लागणाऱ्यांना दोन वर्षे पुरतात, मात्र त्याआधी इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप पास व्हावे लागतात. ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्यांना ‘प्रिन्सिपल’ म्हणतात. (कॉलेजचे प्रिन्सिपल नव्हेत, एवढे पालकांनी लक्षात ठेवावे.) उमेदवारी सुरू झाली की तीस दिवसांत फॉर्म १०३ भरून नोंदणी करायची, आणि मुदत संपली की प्रिन्सिपलनी फॉर्म १०८ वर सही द्यायची.

आता ही सही साहेबांनी दिलीच नाही तर?

आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी. वडिलांचे शिवणकामाचे दुकान. ऑगस्ट २०१५ मध्ये ती पुण्यात एका ऑफिसात लागली. मे २०१८ मध्ये फायनलला बसली आणि पास झाली. आम्ही शाळेच्या फळ्यावर तिचे नाव लिहिले, पेढे वाटले. ऑगस्टमध्ये तीन वर्षे भरली आणि ती फॉर्म घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेब म्हणाले, “तुझ्या बेचाळीस दिवस जादा रजा झाल्यात. त्या भर, मग बघू.”

साहेबांची बाजूही सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत, ऑफिसात फायलींचे ढीग, आणि कामात तरबेज झालेली मुलगी नेमकी तेव्हाच निघालेली. त्यांनी तिला पगारावर राहायला सांगितले होते. तिने नाही म्हटले. राग आला असेल. पण रागाने रजेचा हिशेब बदलत नाही. तेव्हाच्या नियमाने केलेल्या मुदतीच्या एक षष्ठांश रजा मिळत असे. त्याहून जास्त झाली तर तेवढे दिवस पुढे भरायचे. प्रश्न एवढाच होता, की जास्त किती झाली?

इथे मी माझी चूक कबूल करतो. मुलगी आणि तिचे अब्बा माझ्याकडे आले. मुलीचे म्हणणे होते, “सर, लेखी पत्र देऊया.” मी म्हणालो, “बेटा, मोठ्या माणसाशी कागदाने भांडू नये.” मग आम्ही आपल्याकडची नेहमीची वाट धरली. एका वजनदार गृहस्थांकडून साहेबांना फोन करवला. अब्बा मिठाईचा पुडा घेऊन पुण्याला गेले आणि दोन तास बाहेरच्या बाकावर बसून परत आले. फोनने साहेब आणखी चिडले. “माझ्यावर दबाव आणता?” म्हणाले. यात चार महिने गेले. एका कंपनीने तिला घ्यायचे ठरवले होते. त्यांना सभासद क्रमांक हवा होता. ती जागा दुसऱ्याला मिळाली. त्या चार महिन्यांचा दोष साहेबांइतकाच माझाही आहे.

डिसेंबरमध्ये तिने माझे ऐकणे सोडले, हे बरे झाले. ती आपले कागद घेऊन बसली. तिची कामाची डायरी होती. कोणत्या तारखेला कोणत्या गिऱ्हाइकाकडे ऑडिटला गेली ते रोजच्या रोज लिहिलेले. बँकेचे पासबुक होते. आर्टिकलला दरमहा स्टायपेंड द्यावाच लागतो, आणि तो रेखांकित चेकने किंवा त्याच्या बँक खात्यात जमा करून, असा नियम आहे. रोख हातावर घेऊन सही करणाऱ्या मुलांनी याचा विचार करावा. काम केल्याचा आपला एक पुरावा ती स्वतःच घालवतात. तिने छत्तीस महिन्यांच्या नोंदी जुळवल्या, परीक्षेच्या रजा, सणाच्या रजा वेगळ्या काढल्या. हिशेब निघाला तो बेचाळीसचा नव्हे आणि शून्याचाही नव्हे. अकरा दिवस खरोखरच जादा होते. अब्बांच्या ऑपरेशनच्या वेळी ती साहेबांना फोनवर विचारून घरी थांबली होती. अर्ज लिहिला नव्हता. ते दिवस रजेतच मोजले पाहिजेत, हे तिने स्वतःच मान्य केले.

मग तिने रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. आरोप नाही, रडगाणे नाही. सोबत तारखांचा तक्ता. अकरा दिवस भरायची तयारी. आणि पंधरा दिवसांत सही द्यावी अथवा नकाराचे कारण लेखी कळवावे, ही विनंती. उत्तर आले नाही. तेव्हा पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती जोडून तिने इन्स्टिट्यूटच्या मुंबईच्या विभागीय कार्यालयाकडे अर्ज केला. तिकडून दोन्ही बाजूंचे म्हणणे मागवण्यात आले. आता साहेबांनाही बेचाळीस दिवस तारखांनिशी दाखवणे भाग होते, आणि ते दाखवता येईनात.

आता हे फॉर्म इन्स्टिट्यूटच्या संगणकीय पोर्टलवर भरले जातात, तरी प्रिन्सिपलची मंजुरी लागतेच. मध्येच ऑफिस सोडायचे तर फॉर्म १०९ लागतो, आणि मनाला आले म्हणून ऑफिस बदलता येत नाही. आजारपण, आईवडिलांची दुसऱ्या गावी बदली, अशी सबळ कारणे बहुधा दाखवावी लागतात. म्हणून पालकांनो, मुलाला ऑफिसात चिकटवताना साहेब किती मोठे आहेत एवढेच पाहू नका. त्यांच्याकडून आर्टिकलशिप पुरी करून गेलेल्या दोघांना गाठून, फॉर्म वेळेवर मिळाला का, ते विचारा. आणि जागा देण्यासाठी कोणी अनामत किंवा पैसे मागितले, तर ते नियमाविरुद्ध आहे हे जाणून घरी परत या.

मार्च २०१९ मध्ये साहेबांचा निरोप आला. ती गेली. अकरा दिवस त्याच ऑफिसात, त्याच टेबलाशी बसली. कोणी फारसे बोलत नव्हते, असे तिने मला सांगितले. बाराव्या दिवशी साहेबांनी सही केली आणि दोन चहा सांगितले.

तिच्या त्या पत्राची आणि तारखांच्या तक्त्याची प्रत, नावे खोडून, तिने मला दिली आहे. ती शाळेत माझ्या कपाटात असते. ज्याला पाहायची असेल त्याने मधल्या सुट्टीत यावे.