आकडा, नकाशा आणि पाऊल

(गिरिभ्रमणाची आवड असलेल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या खेळाचा जन्मदिवस तारखेनिशी सांगता येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. विटीदांडूचा पहिला डाव कोणी मांडला, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु उपग्रहांच्या साहाय्याने दडवलेली पेटी हुडकून काढण्याचा ‘जिओकॅशिंग’ हा खेळ ३ मे २००० रोजी जन्माला आला, हे निश्चितपणे सांगता येते.

त्याला कारणही तसेच घडले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची जीपीएस यंत्रणा सामान्य नागरिकांना खुली होती, पण त्यांच्यासाठी असलेल्या संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे. हातातील संच त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चुकीची जागा दाखवी. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकण्याची घोषणा केली, त्याच मध्यरात्री ती अमलात आली आणि एका रात्रीत अचूकता सुमारे दहापट वाढली. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यातील डेव्ह उल्मर यांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात काळ्या रंगाची एक प्लास्टिकची बादली अर्धवट पुरली. तीत वही, पेन्सिल, काही पुस्तके आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा ठेवला आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांच्या आत माईक टीग तेथे पोहोचले आणि त्यांनी वहीत नोंद केली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मॅट स्टम यांनी या खेळाचे नाव सुचविले. २ सप्टेंबर रोजी जेरेमी आयरिश यांनी खेळाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगभरात अशा ७५ पेट्या होत्या. आज त्यांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे.

हा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. परंतु सह्याद्रीत हिंडणाऱ्यांनी त्यातून एक धडा अवश्य घ्यावा. आकडा अचूक असणे आणि माणूस योग्य जागी सुखरूप पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्राकडून मिळते. दुसरी अभ्यासाने मिळवावी लागते.

आकडा वाचण्याची शिस्त

उल्मर यांच्या बादलीचे स्थान उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे आणि पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे असे होते. येथे मिनिटांचा अपूर्णांक दशांशात दिला आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर. तेव्हा तिसऱ्या दशांश स्थळाचा एक एकक दोन मीटरांहूनही कमी भरतो. आता एखाद्याने घाईत हाच आकडा १७ मिनिटे ४६ सेकंद असा संचात भरला, तर काय होईल? १७.४६० मिनिटे म्हणजे वास्तविक १७ मिनिटे २७.६ सेकंद. शोधणारा अर्ध्या किलोमीटरहून अधिक उत्तरेला जाऊन उभा राहील. यंत्र निर्दोष, उपग्रह निर्दोष, चूक केवळ वाचण्याची! हीच चूक बचाव पथकाला स्थान कळविताना झाली, तर अर्धा किलोमीटर म्हणजे मधली एक अख्खी दरी असू शकते.

दुसरी अडचण नकाशाची. पृथ्वीचा आकार गणिताने मांडताना कोणता लंबगोल आणि कोणता आधारबिंदू धरला, यावर त्या नकाशातील अक्षांश-रेखांश अवलंबून असतात. जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ हा आधार वापरते. अमेरिकेचे जुने नकाशे १९२७ च्या आधारावर आहेत आणि तेथील पश्चिम भागात दोहोंत सुमारे शंभर मीटरपर्यंत अंतर पडते. भारतातही भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या लंबगोलावर आधारलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी ‘डब्ल्यूजीएस ८४’ वरील स्वतंत्र नकाशामालिका ठरविली. म्हणून जुना नकाशा आणि नवा संच एकत्र वापरताना नकाशाच्या समासातील आधाराची नोंद आधी वाचावी आणि संचातही तोच आधार निवडावा.

बाण सरळ, वाट वाकडी

संच स्थान कसे ठरवितो, हेही समजून घ्यावे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह आण्विक घड्याळाची वेळ प्रक्षेपित करतात. किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून संच आपली जागा काढतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे तीस सेंटिमीटरचा फरक! मोकळ्या आकाशाखाली साधा संचही पाच-दहा मीटरच्या आत जागा दाखवितो. पण दाट झाडीत किंवा कड्याच्या कुशीत संकेत खडकावर आपटून उशिरा पोहोचतात आणि जागा सरकते. पेटी ठेवणारे अनुभवी खेळाडू म्हणूनच एकाच जागी थांबून अनेक नोंदी घेतात आणि त्यांची सरासरी जाहीर करतात.

बाण आणि अंतर यांबाबतचा गैरसमज याहून घातक असतो. ‘लक्ष्य १५० मीटर’ हे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचे असते. मध्ये घळ आहे की तुटलेला कडा, हे बाणाला ठाऊक नसते. ते नकाशावरील समोच्च रेषा सांगतात. त्या दाटीने आल्या की उतार तीव्र समजावा. शिवाय चुंबकीय होकायंत्र नसलेल्या संचाचा बाण माणूस चालत असतानाच खरी दिशा दाखवितो, थांबला की भरकटतो. साधे होकायंत्र, कागदी नकाशा आणि जादा पेन्सिल सेल जवळ बाळगण्याची शिस्त त्या खेळाडूंनी यातूनच अंगी बाणविली.

संगणकावरील पूर्वतयारीही तितकीच मोलाची. खेळाडू घरीच ‘जीपीएक्स’ स्वरूपातील नोंदी उतरवून घेत, ‘जीसॅक’सारख्या प्रणालीत त्या निवडून लावत आणि मग संचात भरत. आज हे सर्व भ्रमणध्वनीत सामावले आहे. पण त्याबरोबर एक भ्रमही आला आहे. ‘रेंज नाही, म्हणजे जीपीएस नाही’ असे अनेकांना वाटते. वस्तुतः उपग्रहांचे संकेत दरीतही मिळू शकतात. बंद पडतो तो इंटरनेटवरून येणारा नकाशा. तो आदल्या दिवशीच उतरवून ठेवला, तर अर्धे संकट टळते. उरलेले अर्धे गावातील वाटाड्याला विचारल्याने टळते, कारण पावसाळ्यात कोणती वाट खचली हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही.

हा खेळ येथे खेळताना पथ्यही पाळावे. गडकोटांच्या तटात, टाक्यात वा देवळात पेटी दडवू नये. संरक्षित स्मारकास धक्का लावणे १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार रूढ आहे. त्यात पेटी नसतेच. त्या जागी जाऊन खडकांचे निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे शोधायची. लाव्हारसाच्या थरांनी घडलेल्या सह्याद्रीला याहून साजेसा खेळ कोणता?

चावी कोणाच्या हाती?

एका आदेशाने अचूकता वाढली, याचाच अर्थ ती एका आदेशाने घटविणेही शक्य होते. २००७ मध्ये अमेरिकेने नव्या उपग्रहांत ती सोयच न ठेवण्याचे जाहीर केले, तरी इतर देशांनी घ्यायचा तो बोध घेतला. रशिया, युरोप आणि चीन यांच्या स्वतंत्र यंत्रणा आहेत. भारताने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रहांची मालिका उभारली, तीच ‘नाविक’. तिचा मार्ग सोपा नव्हता. अनेक उपग्रहांतील परदेशी आण्विक घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये स्वदेशी घड्याळ असलेला एनव्हीएस-०१ उपग्रह अवकाशात गेला, परंतु जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. काम अपुरे आहे आणि ते पुरे करण्यासाठी गणित, घड्याळे आणि नकाशे यांत रमणारे तरुण हवे आहेत.

त्याची सुरुवात लहानशीच असू शकते. पुढच्या भ्रमंतीआधी प्रत्येक गटाने एकच स्थान तीन संचांवर नोंदवावे, ते नकाशावर मांडावे आणि तिन्ही खुणा एकत्र का पडल्या नाहीत, याचा उलगडा करावा. ज्याला तो करता आला, त्याने गटाच्या पुढे चालावे.