माळव्यातून मूळ गावाकडे

धार-देवासच्या अनेक मराठी घरांत कुलदैवत ठाऊक असतं, मूळ गाव मात्र विस्मरणात गेलेलं. पवार राजघराण्यांचं मूळ माहीत आहे: पारनेर तालुक्यातलं सुपे. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांपासून देवासच्या थोरल्या-धाकट्या पात्या झाल्या. पण पवारांच्या काळी दक्षिणेतून आलेल्या शिलेदार-कारकुनांच्या वंशजांनी शोध कुठे घ्यावा?

आधी नाशिक-त्र्यंबकेश्वरला जा. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं, गावं, कधी स्वतःच्या हातच्या सह्याही सापडतात. पणजोबांचं नाव, गोत्र, जुनं आडनाव सोबत न्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद मोडी लिपीत आहेत. वाचणारा जाणकार हवाच. आणि घरातल्या वृद्ध आत्याला आजच विचारा, लग्नाची वऱ्हाडं कुठून यायची.