माळ्यावरचं विष ओढ्यात ओतू नका
(कळमनुरी तालुक्यातल्या बैठकीत केलेलं भाषण)



वनहक्काच्या दाव्यांवर बोलणं झालं. आता घरातल्या एका गोष्टीवर बोलतो.

कापूस-हळदीच्या फवारणीतून उरलेल्या बाटल्या, थिमेटच्या अर्ध्या पुड्या आपल्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असतात. थिमेट म्हणजे फोरेट. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. एंडोसल्फान तर सुप्रीम कोर्टानं २०११ सालीच बंद केलं. दुकानातून गेलं, पण घरातलं तसंच राहिलं.

वाचता येत नसेल तर डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा आहे म्हणून धोका नाही, असं समजू नका.

हे ओढ्यात ओतलं तर मासे मरतात, खालच्या वाडीची गुरं तेच पाणी पितात. जाळलं तर धूर विषारी. रानात पुरलं तर झिरपून विहिरीला लागतं. रिकामा डबाही वापरू नका. बिहारात सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतलं जेवण खाऊन २३ लेकरं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलेलं असावं, असं तपासात पुढं आलं.

मग करायचं काय? औषध आहे त्याच बाटलीत राहू द्या, पाण्याच्या बाटलीत ओतू नका. गळत असेल तर हाताला प्लास्टिक बांधून बाटली झाकणाच्या बादलीत उभी करा, भोवती कोरडी माती भरा, वर 'विष' लिहा. धान्य, चूल, लेकरं यांच्यापासून लांब, कुलपात ठेवा. रागाच्या भरात माणसाच्या हाताला लागेल असं विष घरात नको. कुणाच्या पोटात गेलंच, तर १०८ ला फोन करा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या.

हे गावातून बाहेर काढणं एकट्यादुकट्याचं काम नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. जंगल आमचं म्हणतो, तर ओढाही आपणच राखायचा. घरवार यादी करा. कृषी खात्यानं हा साठा नेण्याची सोय करावी, असा ठराव घ्या. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला द्या. दाव्याची घेतो तशी याचीही पोच घ्या, आणि ती पुढच्या बैठकीला घेऊन या.

जिंदाबाद!