सामायिक पान आणि त्याचा पहारा



संगणकाची स्मृती पानांत विभागलेली असते. असे एक पान बहुधा ४०९६ बाइटांचे असते. लिनक्स प्रणालीत एक प्रक्रिया आपल्यासारखीच दुसरी निर्माण करते, तेव्हा या पानांची नक्कल लगेच केली जात नाही. दोघी तीच पाने वापरतात. मात्र ती केवळ वाचण्यास खुली असतात. कोणी लिहू लागताच प्रणालीचा गाभा तेवढ्याच पानाची स्वतंत्र प्रत काढून देतो. स्मृतीत खासगी म्हणून उघडलेल्या फाइलीलाही हाच नियम लागू आहे. ‘टेनेक्स’ या प्रणालीत ही युक्ती १९७० च्या सुमारासच योजलेली होती.

ही काटकसर सर्वस्वी पहाऱ्यावर अवलंबून आहे. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या ‘डर्टी काऊ’ या दोषाने ते सिद्ध केले. प्रत काढणे आणि तीवर लिहिणे यांच्यामधल्या क्षणी ती प्रत टाकून दिली गेली, तर लेखन मूळ पानावरच होई. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला केवळ वाचनाची मुभा असलेली फाइल बदलता येई आणि यंत्राचे सर्वाधिकारही बळकावता येत. हा दोष २००७ पासून गाभ्यात दडून होता. दुरुस्ती अगदी लहान होती: लिहिण्यापूर्वी प्रत खरोखर जागेवर आहे ना, हे गाभ्याने पुन्हा पाहावे.