राजीनाम्याचं कारण



मघाशी फाटकाशी एका गृहस्थांनी विचारलं, "जुनी इंग्रजी हेरमालिका? हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला?" गर्दी होती, तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. 'द प्रिझनर' या मालिकेत हेर आहे, यंत्रं आहेत, माणसांची मनं पोखरणारे डॉक्टर आहेत. पण माझ्या मते ती यातल्या कशाचीच नाही. ती राजीनाम्याची गोष्ट आहे. माणसानं नोकरी सोडली आणि का सोडली ते सांगितलं नाही, एवढीच. पंचवीस-तीस वर्षं मी हे म्हणत आलोय, आज जाहीरपणे म्हणतो.

शीतयुद्ध, बर्लिनची भिंत, बाँडपटांची लाट हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. पॅट्रिक मॅकगूहनबद्दल मात्र दोन शब्द. जन्म न्यूयॉर्कचा, बालपण आयर्लंड आणि शेफिल्डमधलं. 'डेंजर मॅन' या मालिकेत तो जॉन ड्रेक नावाचा हेर झाला आणि त्यानं अट घातली की हा हेर बायकांच्या मागे लागणार नाही आणि पिस्तूलही शक्यतो चालवणार नाही. ती मालिका जोरात असताना तो निर्माते ल्यू ग्रेड यांच्याकडे नवी कल्पना घेऊन गेला. त्याला सातच भाग करायचे होते. धंद्याच्या हिशेबानं ते सतरा झाले. सप्टेंबर 1967 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिला भाग दिसला, फेब्रुवारी 1968 मध्ये शेवटचा.

मी ती पाहिली फार उशिरा. लंडनच्या मामेभावानं आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, रात्री, आवाज बारीक करून.

सुरुवातीची तीन मिनिटं नीट पाहा. मोकळ्या रस्त्यावरून एक छोटी उघडी लोटस गाडी येते. गाडीतला नायक भुयारी वाटेनं एका कचेरीत शिरतो, टेबलावर मूठ आपटतो, कपबशी फुटते. साहेब मान खाली घालून बसलेले. या साहेबांच्या जागी बसलेत जॉर्ज मार्कस्टाइन, मालिकेचे पटकथा-संपादक. हा तावातावानं बोलतोय, पण काय बोलतोय ते आपल्याला ऐकू येत नाही. शब्दांच्या जागी ढगांचा गडगडाट आहे. ही गोष्ट विसरू नका. मग तो घरी येऊन सामान भरायला लागतो, कुलपाच्या भोकातून धूर सोडून त्याला बेशुद्ध करतात. जाग येते तेव्हा खोली तीच, पण खिडकीबाहेर लंडन नाही. बाहेर 'गाव' आहे.

गावात कुणाला नाव नाही, नंबर आहे. हा सहा. कारभार पाहतो तो दोन नंबर. (हशा) हसा, हसायला हरकत नाही. आपल्याकडे 'दोन नंबर' म्हटलं की जे डोळ्यांपुढे येतं, ते इथेही फार दूर नाही. दोन नंबर जवळजवळ दर भागात बदलतो. कधी गोड, कधी क्रूर, एका भागात मेरी मॉरिस या अभिनेत्रीनं केलेली बाई. माणूस बदलला तरी प्रश्न एकच: राजीनामा का दिलास?

हे गाव खरोखर आहे. उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरचं पोर्टमेरियन. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकारानं 1925 पासून पुढे पन्नास वर्षं ते रचत नेलं. इटलीच्या धाटणीचे रंगीत मनोरे, पाडायला काढलेल्या जुन्या इमारतींचे उचलून आणलेले तुकडे, कमानी, कारंजी. लोक सुट्टीला जातात तिथे. आणि तुरुंग म्हणून तेच निवडलं! भिंत नाही, गज नाहीत. सकाळी बँड वाजतो, ध्वनिक्षेपकावरून बाई गोड आवाजात हवामान सांगतात. दुकानात नकाशा मागा, मिळतो, पण त्यावर गाव, डोंगर आणि समुद्र, पुढे काही नाही. फोन उचला, तर पलीकडची मुलगी आधी तुमचा नंबर विचारते. नंबर नाही? मग फोनही नाही.

आता मी ज्यासाठी आलो त्या भागाकडे येतो. 'द चाइम्स ऑफ बिग बेन'. सहा नंबर एका बाईच्या मदतीनं पळतो. होडी, मग लाकडी खोका, खोक्यात बसून जमिनीवरून, पाण्यावरून, विमानातून प्रवास. खोका उघडतो तो लंडनमध्ये, त्याच्या जुन्या कचेरीत. समोर जुने साहेब, जुने सहकारी. बाहेर वाहनांचा आवाज. ते म्हणतात, आता तरी सांग बाबा, का सोडलंस? आणि तो सांगायला लागतो! सदसद्विवेकाचा प्रश्न होता, एवढं बोलतोही. तेवढ्यात बिग बेनचे आठ ठोके पडतात. त्याची नजर मनगटाकडे जाते. ते घड्याळ वाटेत पोलंडमधल्या माणसाकडून घेतलेलं, पोलंडची वेळ लंडनच्या एक तास पुढे, आणि त्यातही आठच वाजलेत. तो उठतो, कपाट उघडतो. आत टेपरेकॉर्डर. वायर ओढतो, लंडनचे सगळे आवाज बंद. दार उघडून बाहेर येतो तर गाव.

औषधं, स्वप्नं, मारहाण, कशानंही जो बोलला नाही, तो बोलायच्या बेतात आला कुणापुढे? आपल्या माणसांपुढे.

इथे थोडं स्वतःबद्दल सांगतो. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी नोकरी सोडली. दोन ओळींचं पत्र, 'व्यक्तिगत कारणास्तव'. त्यानंतर तीन आठवडे मला विचारलं नाही असा माणूस उरला नाही. साहेबांनी विचारलं, युनियनवाल्यांनी विचारलं, सासुरवाडीहून पत्र आलं, दूधवाल्यानं विचारलं. कुणी म्हणालं परदेशी चाललाय, कुणी म्हणालं चौकशी लागली असेल. मी गप्प होतो. मग एक दिवस माझा सोबती, चौदा वर्षं एका टेबलावर आम्ही डबा खाल्ला, तो मला चहाला घेऊन गेला आणि म्हणाला, "मला तरी सांग." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं आणि माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत, मला ऐकवलं. वर म्हणाले, "एवढंच ना? मग तुमची बदली करून टाकतो, पत्र मागे घ्या."

त्या मित्रावर माझा राग नाही. त्याला मला थांबवायचं होतं, मायेनंच केलं त्यानं. पण त्या 'एवढंच ना'नं मला कळलं ते असं, की कारण मनात असतं तोवर ते तुमचं असतं. एकदा उच्चारलं की त्यावर घासाघीस सुरू होते. सहा नंबरला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. मी पत्र मागे घेतलं नाही. माझ्या पत्नीनं मात्र कधीच विचारलं नाही. शेवटच्या दिवशी घरी आलो, तिनं माझा डबा घासला, पुसला आणि माळ्यावर ठेवून दिला. कारण काय होतं ते मी आज इथेही सांगणार नाही.

चिटणिसांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत म्हणे. 'चेकमेट' हा सुंदर भाग होता, तो सोडतो. नाही, दोन वाक्यं सांगतोच. सहा नंबर ताठ मानेवरून पहारेकरी ओळखतो, दबलेल्या चेहऱ्यांवरून कैदी निवडतो, त्यांना घेऊन पळायचा बेत आखतो. बेत फसतो, कारण त्याची स्वतःची मान इतकी ताठ की साथीदार त्यालाच पहारेकरी समजतात.

'द जनरल' या भागात तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन मिनिटांत डोक्यात उतरवणारी योजना आहे, तिच्यामागे सगळं जाणणारा संगणक. सहा नंबर त्याला एकच प्रश्न टाइप करून घालतो: का? संगणक धूर सोडतो आणि फुटतो. ज्या शब्दानं गाव त्याला छळतं, तोच त्यानं यंत्राला दिला.

मागून कुणीतरी म्हणतंय, शेवट सांगू नका. (हशा) बरं, दोन नंबरच्याही वरचा तो एक नंबर कोण ते सांगत नाही. मुखवट्याखाली मुखवटा निघतो, त्याच्याखाली काय ते तुम्ही घरी पाहा. ब्रिटनमधले प्रेक्षक तो पाहून चिडले होते. त्यांना खलनायक हवा होता, उत्तर हवं होतं.

आणि ही दुसरी चिठ्ठी: 'मग त्यानं राजीनामा दिला तरी का?' सतराही भागांत सांगितलेलं नाही. तो लंडनला परततो, घराचं दार आपोआप उघडतं, जसं गावात उघडायचं तसंच. तो गाडीत बसून निघतो. शेवटचं दृश्य म्हणजे पहिलंच दृश्य. मोकळा रस्ता, समोरून येणारी ती छोटी गाडी, आणि ढगांचा गडगडाट.