आरोग्यविज्ञानाचे शिक्षण आणि विद्यार्थ्यांची तयारी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला की व्यासपीठावरून एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'बाळ, पुढे कोण होणार?' विज्ञान शाखेतील बहुतेक मुले-मुली 'डॉक्टर' असे उत्तर देतात आणि सभागृहात टाळ्या पडतात. या स्वप्नाचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु दोन वर्षांनी त्यांपैकी कोण कोठे आहे, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. एखादा तिसऱ्यांदा प्रवेश परीक्षेला बसलेला असतो. एखादीचे शिक्षण थांबवून लग्न ठरविलेले असते. एखादा 'आपल्याला जमत नाही' असे मनाशी धरून भलत्याच कामाला लागलेला असतो. ही मुले बुद्धीने कमी नसतात. आरोग्यसेवेच्या इमारतीला अनेक दारे आहेत, हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नसते. आज आम्ही त्या दारांविषयी आणि आत जाण्यापूर्वी करावयाच्या तयारीविषयी बोलणार आहोत.

प्रथम रुग्णालय म्हणजे काय ते पाहू. अर्धांगवायूचा झटका आलेली एक वृद्ध बाई दाखल झाली असे समजा. डॉक्टर तपासतात, निदान करतात, औषध लिहितात. पण मेंदूचे छायाचित्र काढतो तो क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ. रक्त तपासतो तो प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. औषधाची मात्रा व दोन औषधांचा परस्परविरोध पाहतो तो औषधनिर्माता. दर दोन तासांनी कूस बदलून पाठीला जखम होऊ न देणारी ती परिचारिका. लुळा पडलेला हात पुन्हा उचलावयास शिकवितो तो भौतिकोपचारतज्ज्ञ, आणि अडखळलेली वाचा मोकळी करण्यासाठी झटतो तो वाचा-उपचारतज्ज्ञ. यांपैकी एकजण जरी कच्चा निघाला, तरी बाकी सर्वांची मेहनत वाया जाते. सन २०२० च्या कोरोना साथीत हे साऱ्या जगाने पाहिले. प्राणवायूचे यंत्र असून भागत नव्हते. ते चालविणारा आणि रात्रभर रुग्णाजवळ जागणारा शिकलेला माणूस लागत होता.

आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉ. यशवंतराव फुले यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. डॉक्टर यशवंतराव होते, सावित्रीबाई नव्हत्या. तरीही रुग्णांना दवाखान्यापर्यंत आणण्याचे आणि त्यांच्या शुश्रूषेचे काम त्या माउलीने अंगावर घेतले. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या दवाखान्यात श्रेष्ठ काम कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारील काय? मग आज आपल्या घरात 'डॉक्टर नाही झाली, नर्सच झाली' असे खालच्या आवाजात का बोलले जाते, याचा विचार पालकांनी करावा.

आता दारे कोणती ते पाहू. आपल्या राज्यात आरोग्यशिक्षणासाठी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे स्वतंत्र विद्यापीठ नाशिक येथे १९९८ साली स्थापन झाले. एम.बी.बी.एस., दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, परिचर्या, भौतिकोपचार, व्यवसायोपचार आणि पॅरामेडिकल तंत्रज्ञान असे अनेक पदवी अभ्यासक्रम या विद्यापीठाच्या छत्राखाली चालतात. औषधनिर्माणशास्त्राची पदवी मात्र आपापल्या विभागातील इतर विद्यापीठे देतात. एम.बी.बी.एस.साठी 'नीट' ही देशपातळीवरील परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याचा सीईटी कक्ष वेगळी परीक्षा घेतो. म्हणून बारावीच्या वर्षी एकाच परीक्षेचा अर्ज भरून स्वस्थ बसू नये. सर्व परीक्षांची वेळापत्रके भिंतीवर लावावीत आणि पात्रतेचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावेत.

परिचर्येच्या क्षेत्रात तर शिडीच उभी आहे. कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही जी.एन.एम. या पदविकेचे दार बंद नाही. जी.एन.एम. नंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी., त्यापुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी. अशा पायऱ्या आहेत. मुलांनीही हे क्षेत्र मुलींचे म्हणून सोडू नये. खेडोपाडी सपाट प्रदेशात साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा शासकीय निकष आहे. सन २०१८ पासून या उपकेंद्रांचा दर्जा वाढवून तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यास सुरुवात झाली. आयुर्वेदाचे पदवीधर व बी.एस्सी. नर्सिंग झालेले उमेदवार या पदावर काम करतात. ज्या गावात कोणी रात्री दवाखान्याचा दिवा पाहिला नव्हता, तेथे आपली मुलगी 'मॅडम' म्हणून ओळखली जाते, ही साधी गोष्ट नव्हे.

दारे अनेक असली, तरी काही दारे केवळ भिंतीवर रंगविलेली असतात. त्यांपासून सावध राहिले पाहिजे. 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी' अशा जाहिराती आपण बसस्टँडवर वाचतो. आमच्या परिचयातील एका मजुराच्या मुलाने अशाच एका संस्थेत आईचे डोरले गहाण ठेवून पैसे भरले. प्रमाणपत्र मिळाले, त्यावर सोनेरी शिक्काही होता. पण नोंदणीसाठी गेल्यावर अभ्यासक्रमालाच मान्यता नसल्याचे त्याला कळले. पैसा गेला, वर्ष गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे शिक्षणावरचा त्या घराचा विश्वास गेला.

असे होऊ नये म्हणून एक मोजपट्टी लक्षात ठेवा. संसदेने २०२१ साली संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिक होण्यासाठी दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचा, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक होण्यासाठी तीन ते सहा वर्षांत मिळून किमान ३६०० तासांचा अभ्यासक्रम सांगितला आहे. सहा महिन्यांत हे तास भरत नाहीत, हे सांगावयास गणिताचा प्राध्यापक नको. प्रवेशापूर्वी तीन प्रश्न विचारा. परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते? शिक्षण संपल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत होते? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात आणि किती खाटांवर मिळते? उत्तर कागदावर मागा. कागद देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्या दारातून परत फिरा.

आता खऱ्या तयारीकडे वळू. पुष्कळ विद्यार्थी आम्हांला विचारतात, 'आम्हांला कामच करावयाचे आहे, मग एवढे शास्त्र कशाला?' याचे उत्तर तीन उदाहरणांनी देतो.

पहिले उदाहरण सलाईनचे. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यावयाची आहे. एका मिलिलिटरचे २० थेंब पाडणारा संच असेल, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब हवेत. पण हाती ६० थेंबांचा संच आला आणि परिचारिकेने तेच ४२ थेंब ठेवले, तर चार तासांची बाटली सुमारे बारा तास चालेल. शरीरातील पाणी कमी झालेल्या रुग्णाला तेवढा वेळ नसतो.

दुसरे उदाहरण तापाच्या औषधाचे. दहा किलो वजनाच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम द्यावयाचे आहे. बाजारात पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही पातळ औषधे मिळतात. पहिले सहा मिलिलिटर द्यावे लागते, दुसरे तीनच. लेबल न वाचता दुसऱ्या बाटलीतून सहा मिलिलिटर दिले, तर बाळाच्या पोटात दुप्पट औषध जाते. औषधांच्या दुकानात उभा असलेला शिकलेला माणूस ही चूक दारातच अडवितो.

तिसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. सन १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मिळ रक्तगट शोधून काढला. जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' या नावाने ओळखला जातो. वरवरच्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचेच दिसते. परंतु अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्त दिले, तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. तंत्रज्ञाने रुग्णाचा रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींशी मिसळून उलट बाजूनेही तपासणी केली, तर गुठळ्या दिसतात आणि हा वेगळा गट आहे हे कळते. ही दुसरी तपासणी कशासाठी करावयाची, हे ज्याला समजले आहे, तो कामाच्या गर्दीतही ती टाळणार नाही. सवयीने काम करणारा आणि शास्त्र जाणून काम करणारा यांतील फरक तो हाच.

म्हणून शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे पहिल्या वर्षाचे विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरते वाचू नयेत. पुढचा सारा डोलारा त्यांवर उभा असतो. हृदयाचे चार कप्पे पाठ करून थांबू नका. रक्त कोणत्या कप्प्यातून कोठे जाते, याची आकृती दहा वेळा हाताने काढा. गणित सुटले म्हणून आनंद मानू नका. टक्केवारी, प्रमाण आणि मापांचे रूपांतर बोटांवर असू द्या.

मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजीची धास्ती वाटते. ती आम्ही अनेकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. त्यावर उपाय आहे. वैद्यकातील लांबलचक शब्द थोड्या मूळ शब्दांच्या जोडीने बनतात. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आयटिस' म्हणजे दाह. मग हेपॅटायटिस आणि नेफ्रायटिस यांचा अर्थ पाठ करावा लागत नाही, तो आपोआप उलगडतो. असे पन्नास-साठ मूळ शब्द वहीत लिहून काढले, की पुस्तक अर्धे सोपे होते.

शिवाय तुमच्याजवळ एक ठेवा आहे. खेड्यातली आजी दुखणे सांगताना ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या असे वेगवेगळे शब्द वापरते, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा असतो. पायाला मुंग्या येतात म्हणणारा मधुमेही आणि पायात ठणका लागला म्हणणारा मधुमेही यांचे दुखणे एक नसते. पहिल्याच्या नसा तपासाव्या लागतील, दुसऱ्याच्या पायात जखम पिकली आहे का ते पाहावे लागेल. ही भाषा तुम्ही आईच्या मांडीवर शिकला आहात. तिची लाज बाळगू नका. इंग्रजी शास्त्रासाठी शिका आणि मराठी रुग्णासाठी जपा.

कागदपत्रांची तयारी हाही अभ्यासाचाच भाग समजा. सन १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ देशपातळीवर मिळाला. पण राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र लागते. ते प्रवेशाच्या तोंडावर मिळत नाही, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत भरावा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिचीही चौकशी करावी. केवळ एका दाखल्यावाचून हुशार मुलाची जागा जाणे, यासारखे दुःख नाही.

सभासद बंधूंनो, येथे संस्थेचे काम सुरू होते. सत्काराचा नारळ आणि शाल चांगलीच. पण त्याबरोबर तीन गोष्टी आपण करू शकतो. वैद्यकीय पुस्तके महाग असतात, तेव्हा उत्तीर्ण विद्यार्थ्यांची पुस्तके जमा करून पुस्तकपेढी काढावी. दर वर्षी मे-जूनमध्ये अर्ज भरण्यासाठी दोन जाणते कार्यकर्ते कार्यालयात बसवावेत. आणि आपल्यातील ज्या परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते व डॉक्टर सेवेत आहेत, त्यांना एकाच व्यासपीठावर, एकाच ओळीतील खुर्च्यांवर बसवून मुलांशी बोलते करावे. मुले खुर्च्यांची रांग पाहून पुष्कळ शिकतात.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी एवढेच सांगतो. डॉक्टर व्हावयाचे असेल तर जिद्दीने प्रयत्न करा. पण किती वेळा आणि किती वर्षे, हे घरच्यांशी बसून आधी ठरवा. दुसरे दार निवडलेत, तर पराभूत मनाने आत शिरू नका. रुग्ण तुमच्या पदवीची अक्षरे मोजत नाही. पहाटे तीन वाजता त्याला धाप लागते, तेव्हा जो माणूस त्याच्या उशाशी येतो, त्याला आपले काम नीट येते की नाही, एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. ते काम नीट येण्यासाठी जी काही वर्षे विद्यापीठात काढावयाची आहेत, ती पूर्ण मनाने काढा. तुम्हां सर्वांना आमच्या हार्दिक शुभेच्छा.

जयभीम.