तप्त प्लाझ्मा आणि भट्टीची भिंत

मनमाड जंक्शनवर विजेची इंजिने नित्य दिसतात. वरची तार व इंजिनाची पट्टी जेथे भिडतात, तेथेच झीज होते आणि प्रसंगी ठिणगी उडते. अणुसंमीलनातील एक कठीण प्रश्नही असाच सीमेवरचा आहे.

१९५५ साली जिनिव्हा परिषदेत अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी ही ऊर्जा दोन दशकांत नियंत्रणात येईल, असे भाकीत केले होते. ती मुदत केव्हाच उलटली. फ्रान्समधील 'इटर' प्रकल्पात भारत २००५ पासून भागीदार आहे. तेथे प्लाझ्मा तापविण्यासाठी ४० ते ५५ मेगाहर्ट्झच्या रेडिओ-लहरीही योजिल्या असून, त्यांचे शक्तिस्रोत पुरविण्याचे काम भारताकडे आहे.

परंतु या लहरींमुळे भिंतीलगतच्या पातळ थरात विद्युत्‌दाब वाढतो. त्यायोगे वेग घेतलेले आयन भिंतीवर आदळून धातूचे अणू उडवितात. टंगस्टनसारख्या जड धातूचा अल्प अंशही प्लाझ्म्याची उष्णता प्रारणरूपाने बाहेर नेतो. तापविणारे साधनच अशा रीतीने थंडाव्यास कारण ठरते! म्हणून अँटेनाची रचना आधी संगणकावर पारखून, ते निष्कर्ष प्रयोगांशी ताडले जातात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे: भट्टी पेटविण्याइतकेच तिची भिंत राखणे महत्त्वाचे आहे.